बरं होणं आणि बरं राहणं: उतारवयातलं नैराश्य आणि एका मानसोपचारतज्ज्ञाची कारकीर्द

घरातलं म्हातारं माणूस अर्ध्या ताटावरून उठायला लागलं, पहाटे तीनला जागं होऊन येरझाऱ्या घालू लागलं, नातवंडं आली तरी खोलीतून बाहेर येईना, की घरचे म्हणतात, ‘वय झालं आता.’ डॉक्टरकडे नेलं तर तक्रार निघते अंगदुखीची, पोट साफ न होण्याची, अंगात त्राण नसल्याची. ‘मन लागत नाही’ हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही आणि विचारणारे थोडे. मग रक्ता-लघवीच्या तपासण्या होतात, गोळ्यांच्या पाकिटांत आणखी एकाची भर पडते.

याचं मोजमाप आपल्याकडे झालेलं आहे. 2017-18 मधल्या ‘लासी’ या देशव्यापी पाहणीत ठरावीक प्रश्नावली वापरून पाहिलं, तेव्हा साठीपुढच्या 8.3 टक्के लोकांना नैराश्याचा आजार असावा असं दिसलं. ‘डॉक्टरांनी मला तसं निदान सांगितलंय’ असं म्हणणारे होते अवघे 0.8 टक्के.

उतारवयातल्या या आजारावर आयुष्य घालवलेल्या डॉक्टरांपैकी एक म्हणजे अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाचे डॉ. चार्ल्स रेनॉल्ड्स. त्यांच्या कामाकडे ओळीने पाहिलं तर आधीच्या अभ्यासातून उरलेला प्रश्न पुढच्या अभ्यासात हाती घेतलेला दिसतो आणि ही वाट शेवटी गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत येते. म्हणूनच ती मराठी वाचकाने समजून घेण्यासारखी आहे.

आधी काय मानलं जायचं

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत म्हाताऱ्या माणसाचं मन बिघडलं की त्याचा मेंदूच झिजत चालला, असं धरून चालायची पद्धत होती. ब्रिटिश डॉक्टर मार्टिन रॉथ यांनी 1955 साली रुग्णालयात दाखल झालेल्या वृद्धांचं पुढे काय होतं हे मांडलं. नैराश्याचे रुग्ण मोठ्या संख्येने बरे होऊन घरी जातात, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची वाट मात्र वेगळी असते, हे त्यातून स्पष्ट झालं. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयातले फेलिक्स पोस्ट यांनीही रुग्णांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली, ती फारशी सुखाची नव्हती: बरे झालेले अनेक जण काही काळाने पुन्हा आजारी पडतात.

दोन आजारांतला फरक ओळखायची एक जुनी खूण डॉक्टर अजूनही वापरतात. नैराश्य असलेले आजोबा स्वतःच सांगतात, ‘मला काही आठवत नाही हो, डोकंच चालत नाही.’ प्रश्न विचारला की प्रयत्न न करताच ‘माहीत नाही’ म्हणून मोकळे होतात. स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेले आजोबा विसरलेलं झाकू पाहतात, सकाळी काय खाल्लं विचारलं तर हसून विषय बदलतात, आणि तक्रार करते ती घरची मंडळी. ही खूण दर वेळी लागू पडत नाही. दोन्ही आजार एकाच माणसाला असतात, आणि उतारवयात पहिल्यांदाच आलेलं नैराश्य कधी कधी पुढच्या स्मृतिभ्रंशाची चाहूलही असते.

सुरुवात झोपेपासून

येल विद्यापीठातून डॉक्टर झालेले रेनॉल्ड्स पिट्सबर्गला आले तेव्हा तिथे डेव्हिड कुप्फर यांच्या प्रयोगशाळेत नैराश्य आणि झोप यांच्या संबंधावर काम चाललं होतं. रुग्णाच्या डोक्याला तारा लावून रात्रभर मेंदूचा आलेख काढायचा, डोळे कधी भिरभिरतात, गाढ झोप किती लागते, हे पाहायचं. रेनॉल्ड्स यांनी हेच वृद्धांच्या बाबतीत पाहिलं. 1989 साली डॅनियल बायसी आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी झोपेची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात 0 ते 21 गुण असतात आणि पाचाच्या वर गेलं की झोप बिघडलेली समजतात. ‘पिट्सबर्ग’ या नावाने ती आजही जगभर वापरली जाते.

म्हाताऱ्या माणसाला मनाचं विचारलेलं रुचत नाही, पण झोपेचं विचारलं की तो भरभरून बोलतो. रात्री कितीला जाग येते, मग काय विचार येतात, दिवसा कुठे डुलकी लागते, इथून गप्पा आपोआप मनापर्यंत जातात. पुढच्या सगळ्या कामात झोपेचा धागा सुटला नाही, त्यामागे हे व्यवहारज्ञान असावं असं मला वाटतं.

औषध बंद करायचं कधी?

1990 च्या दशकापर्यंत उतारवयातलं नैराश्य औषधाने बरं होतं याबद्दल फारशी शंका उरली नव्हती. अडचण पोस्ट यांना दिसलेलीच होती, आजार परत येण्याची. रुग्ण बरा झाला, हसू-बोलू लागला, तर गोळी किती दिवस चालू ठेवायची? घरच्यांना वाटतं, बरं वाटतंय तर कशाला उगाच गोळ्या. अनेक डॉक्टरही सहा महिन्यांत थांबवायचे.

रेनॉल्ड्स, एलन फ्रँक, कुप्फर आणि सहकाऱ्यांनी साठीच्या पुढचे, आधीही आजार होऊन गेलेले रुग्ण घेतले. सगळ्यांना आधी नॉरट्रिप्टिलीन हे औषध आणि आठवड्याला संवाद-उपचार दिला. औषधाचा डोस अंदाजाने ठरवलेला नव्हता. रक्त तपासून त्यातली पातळी दर मिलिलिटरला 80 ते 120 नॅनोग्रॅमच्या दरम्यान राखली जात होती, कारण हे औषध कमी पडलं तर उपयोग नाही आणि जास्त झालं तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम. संवाद-उपचारात बालपण उकरत बसत नाहीत. सध्याच्या नात्यांत कुठे अडलंय ते पाहतात: कुणी जवळचं गेलं का, घरात वाद आहे का, निवृत्ती किंवा आजारपणाने घरातलं स्थान बदललं का, की मुळात बोलायला माणूसच नाही.

बरे होऊन टिकलेल्या 107 जणांच्या मग चिठ्ठ्या टाकल्यासारख्या चार गटांत वाटण्या झाल्या आणि त्यांच्यावर तीन वर्षं लक्ष ठेवलं गेलं. 1999 साली ‘जामा’ या नियतकालिकात निकाल आला. औषध आणि महिन्यातून एकदा संवाद-उपचार, दोन्ही मिळालेल्यांपैकी 20 टक्के पुन्हा आजारी पडले. फक्त औषध मिळालेल्यांपैकी 43 टक्के. संवाद-उपचार आणि खोटी गोळी मिळालेल्यांपैकी 64 टक्के. आणि खोटी गोळी घेऊन दवाखान्यात नुसती हजेरी लावणाऱ्यांपैकी 90 टक्के.

हा शेवटचा आकडा थांबून वाचावा असा आहे. वारंवार नैराश्य येणाऱ्या वृद्धाचे उपचार बरं वाटल्यावर बंद केले, तर तीन वर्षांत तो पुन्हा आजारी पडणार हे जवळपास ठरलेलं. मधुमेहाची गोळी साखर आटोक्यात आली म्हणून कुणी सोडत नाही, मनाच्या गोळीला मात्र हा न्याय घरोघरी लावला जात नाही.

सत्तरीनंतरचं गणित

पुढचा अभ्यास 2006 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. या वेळी रुग्ण सत्तरीचे आणि त्यापुढचे, औषध पॅरोक्सेटिन, मुदत दोन वर्षं. यातल्या अनेकांना आयुष्यात पहिल्यांदाच नैराश्य आलं होतं. औषध घेणाऱ्यांमध्ये आजार परतण्याचं प्रमाण 35 ते 37 टक्के आणि खोटी गोळी घेणाऱ्यांमध्ये 58 ते 68 टक्के निघालं. म्हणजे पहिल्यांदा आजार झाला असला तरी सत्तरीनंतर औषध दीर्घकाळ चालू ठेवण्यात अर्थ आहे. पण पहिल्या अभ्यासात जो संवाद-उपचार इतका चालला, त्याचा इथे काहीच जादा फायदा दिसला नाही.

महिन्यातून एकदा बोलणं या वयात पुरत नसेल का? की स्मरणशक्ती मंदावलेल्यांना ते पचत नसेल? नंतर त्याच आकड्यांची फोड केली तेव्हा उलटंच दिसलं. ज्यांची बुद्धी थोडी मंदावली होती, त्यांनाच बोलण्याचा आधार जास्त काळ पुरला होता. पिट्सबर्गच्याच मार्क मिलर यांनी मग सांभाळणाऱ्या मुलाला, सुनेला किंवा जोडीदाराला सोबत बसवून करायची पद्धत तयार केली. आपल्याकडे म्हातारं माणूस एकटं दवाखान्यात जातंच कुठे! सोबत कुणीतरी असतंच, फक्त डॉक्टर बहुतेक वेळा त्या सोबत्याशीच बोलतात आणि रुग्ण खुर्चीत बसून ऐकतो.

2011 साली या गटाने आणखी एक करून पाहिलं. नैराश्यातून बरे झालेल्या वृद्धांना स्मरणशक्तीसाठीचं डोनेपेझिल हे औषध जोडून दिलं. बुद्धीच्या चाचण्यांत थोडा फरक पडला, पण नैराश्य परतण्याचं प्रमाण 19 वरून 35 टक्क्यांवर गेलं. एका हाताने दिलं आणि दुसऱ्याने काढून घेतलं, असा हा निकाल त्यांनी जसाच्या तसा छापला.

गोळी लागू पडत नाही तेव्हा

पहिल्या औषधाने निम्म्याच्या आसपास वृद्धांना पूर्ण आराम पडत नाही. 2015 साली एरिक लेन्झी, बेनोआ मुलसांट आणि रेनॉल्ड्स यांनी व्हेन्लाफॅक्सिनने बरं न झालेल्यांना एरिपिप्राझोलची जोड दिली. 44 टक्क्यांना आराम पडला, खोट्या गोळीने 29 टक्क्यांना. किंमतही होती: काहींना बसवेना-उठवेना अशी अस्वस्थता, काहींना कंपवातासारखा ताठरपणा. 2023 च्या मोठ्या अभ्यासात दुसरं औषध निवडताना पडण्याचा धोकाही मोजला गेला आणि ब्युप्रोपिऑन जोडलेल्यांमध्ये तो सर्वांत जास्त निघाला. सत्तरीत खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात झालंय त्याला सांगायला नको.

शोक आणि नैराश्य

जोडीदार गेल्यावर वर्षभर रडू येणं हा आजार नाही. पण काही जण त्या दिवसापासून पुढे सरकतच नाहीत. गेलेल्याची खोली तशीच, त्याच्या आवडीचा पदार्थ घरात बंद, स्मशानाच्या रस्त्याने जाणं टाळायचं. कॅथरीन शिअर यांनी यासाठी खास उपचार बांधला आणि रेनॉल्ड्स त्या कामात होते. 2005 साली त्याची तुलना नेहमीच्या संवाद-उपचाराशी झाली तेव्हा 51 टक्के विरुद्ध 28 टक्के असा फरक पडला. त्यात रुग्णाकडून मृत्यूचा प्रसंग पुन्हा पुन्हा मोठ्याने सांगवून घेतात, टाळलेल्या जागी हळूहळू नेतात. ‘जाऊ दे, आठवण काढू नकोस’ हा आपला घरगुती सल्ला याच्या नेमका उलट आहे.

फॅमिली डॉक्टरच्या दारात

इथवर सगळं मोठ्या मानसोपचार रुग्णालयात चाललं होतं. पण नैराश्यातले वृद्ध मानसोपचारतज्ज्ञाकडे जातच नाहीत, जातात फॅमिली डॉक्टरकडे. आत्महत्या केलेल्या अनेक वृद्धांनी शेवटच्या महिन्यात आपल्या डॉक्टरची भेट घेतलेली असते, हे पुन्हा पुन्हा आढळलेलं आहे. म्हणून न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्ग इथल्या 20 दवाखान्यांत ‘प्रॉस्पेक्ट’ हा अभ्यास झाला. निम्म्या दवाखान्यांत एक प्रशिक्षित नर्स किंवा समाजसेविका बसवली. तिचं काम फोन करणं, गोळी घेतली का विचारणं, त्रास होत असेल तर डॉक्टरला सांगणं, गरज पडली तर स्वतः संवाद-उपचार देणं. 2004 साली आलेल्या निकालात मरणाचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण चार महिन्यांत तिथे 29.4 वरून 16.5 टक्क्यांवर आलं. बाकीच्या दवाखान्यांत ते 20.1 वरून 17.1 वर आलं.

याच सुमारास युर्गेन उनुत्झर यांच्या ‘इम्पॅक्ट’ अभ्यासात 1801 वृद्धांवर असाच प्रयोग झाला. वर्षभरात लक्षणं निम्म्याने तरी कमी झालेले 45 टक्के निघाले, नेहमीच्या उपचारात 19 टक्के. दोन्हीकडे औषधं बाजारात मिळतात तीच होती. फरक होता तो आठवणीने फोन करणाऱ्या माणसाचा.

होण्याआधीच

मग साहजिक पुढचा प्रश्न आला. ज्यांना पूर्ण आजार नाही, पण लक्षणं डोकावू लागलीत, त्यांना आधीच धरलं तर? पिट्सबर्गमध्ये 247 जणांवर झालेल्या अभ्यासात अर्ध्यांना अडचणी सोडवायची पद्धत शिकवली आणि तुलनेसाठी उरलेल्यांना आहाराचं मार्गदर्शन दिलं. 2014 साली निकाल आला तेव्हा दोन्ही गटांत नैराश्य सारखंच कमी झालं होतं. आहारवाल्यांकडून एवढी अपेक्षा कुणी केलेली नसावी. जेवणाने फरक पडला, की दर वेळी कुणीतरी समोर बसून ‘या आठवड्यात काय केलंत?’ विचारत होतं म्हणून पडला? मला दुसरी शक्यता जास्त खरी वाटते, पण त्या अभ्यासातून ते सिद्ध होत नाही.

गोव्यातले 181 जण

गोव्यात ‘संगत’ ही संस्था 1996 पासून काम करते. विक्रम पटेल यांनी तिथेच दाखवून दिलं होतं की मानसोपचारतज्ज्ञ मूठभर असले तरी बारावी-पदवी झालेल्या स्थानिक लोकांना नीट शिकवलं तर तेही उपचार करू शकतात. गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. अमित डायस वृद्धांवर आणि स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या कुटुंबांवर काम करत होते. पटेल, डायस आणि रेनॉल्ड्स एकत्र आले आणि आजार होण्याआधी थोपवण्याचा प्रयोग गोव्याच्या शहरी-ग्रामीण प्राथमिक दवाखान्यांत झाला. साठीपुढचे, लक्षणं असलेले पण आजार न झालेले 181 जण, त्यात निम्म्याहून जास्त स्त्रिया.

समुपदेशक डॉक्टर नव्हते, नर्सही नव्हते. सहा ते दहा भेटींत ते चार गोष्टी करायचे: अडचण सोडवायला शिकवणं, झोपेची शिस्त, मधुमेह-ब्लडप्रेशर सांभाळायची माहिती आणि सरकारी योजनांपर्यंत पोचवणं.

पहिली गोष्ट कशी चालते, ते एका काल्पनिक आजींवरून पाहू. आजी म्हणतात, ‘माझं आता काही खरं नाही.’ समुपदेशक विचारते, ‘आजी, या आठवड्यात सगळ्यात जास्त जीव कशाने खाल्ला?’ हळूहळू कळतं की पेन्शन थांबलीय. हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेल्या तर भांडी घासून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटेनात, आणि मुलाकडे पैसे मागायची लाज वाटते. मग दोघी मिळून वाटा शोधतात, सुचेल ते सगळं कागदावर मांडायचं, आधी नाही म्हणायचं नाही. डोळ्यांच्या बुबुळावरून ओळख पटते का विचारणं, शेजारच्या मुलीला सोबत नेणं, मॅनेजरला गाठणं, मुलाला सांगून टाकणं. प्रत्येकाचा फायदा-तोटा पाहून आजी स्वतः एक वाट निवडतात आणि कुठल्या दिवशी, किती वाजता जायचं ते ठरतं. पुढच्या भेटीला पहिला प्रश्न त्याचाच. जमलं नसेल तर दुसरी वाट. ‘काही खरं नाही’ या डोंगराचा एक दगड असा हलवला जातो. गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेसारख्या योजना असताना कागदपत्रांत मदत करणं हा उपचाराचा भाग का धरला, तेही यावरून लक्षात येईल.

झोपेचे नियम थेट पिट्सबर्गचे. रोज एकाच वेळी उठायचं, रात्र कशीही गेली असली तरी. झोप आल्याशिवाय अंथरुणावर जायचं नाही. झोप लागत नसेल तर अंथरुणात पडून राहायचं नाही. आणि एकूण पडून राहण्याचे तास कमी करायचे. हा शेवटचा नियम म्हाताऱ्यांना उफराटा वाटतो. झोप कमी म्हणून तर ते संध्याकाळी आठलाच आडवे होतात.

‘जामा सायकिअ‍ॅट्री’मध्ये 2019 साली निकाल आला. वर्षभरात नैराश्याचा आजार झाला तो समुपदेशन मिळालेल्या 91 जणांपैकी 4 जणांना आणि नेहमीचा उपचार मिळालेल्या 90 जणांपैकी 13 जणांना. वरचं ब्लडप्रेशरही समुपदेशनाच्या गटात सरासरी सातच्या आसपास जास्त उतरलं. अभ्यास लहान आहे, 4 आणि 13 हे हाताच्या बोटांवर मोजण्यासारखे आकडे आहेत आणि मागोवा वर्षाचाच आहे, हे विसरून चालणार नाही. तरी ज्या देशात तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ सापडत नाही, तिथे बिनडॉक्टरी उपायाने आजार थोपवता येतो ही शक्यता कागदावर आली, एवढं नक्की.

 

घरच्यांनी काय पाहावं

दोन आठवड्यांहून जास्त काळ भूक, झोप आणि रस तिन्ही गेले असतील, वजन उतरत असेल, ‘मी ओझं झालोय’ असं बोलणं येत असेल, तर थांबू नये. मरणाचं बोलणं निघालं तर ते उडवून लावू नये, सरळ विचारावं. विचारल्याने ते विचार डोक्यात घुसत नाहीत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. फोनवर ‘टेलि-मानस’चा 14416 आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीचा 14567 हे क्रमांक आहेत.

जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात, आयुर्वेदिक आणि दुकानातून परस्पर आणलेल्याही. थायरॉइड आणि बी-12 तपासून घ्यावं, कारण त्यांच्या कमतरतेनेही माणूस असाच मलूल होतो. या वयात औषध कमी मात्रेने सुरू होतं आणि गुण यायला सहा-आठ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. सुरुवातीला मळमळ, चक्कर येऊ शकते. काही औषधांनी रक्तातलं सोडियम उतरतं. गोळी सुरू झाल्यावर आजी-आजोबा अचानक गोंधळल्यासारखे किंवा गळून गेल्यासारखे वाटले तर ती तपासणी लगेच करावी. गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नये. ती किती वर्षं घ्यायची, आणि आजार परत येतोय हे घरच्यांनी कशावरून ओळखायचं, हे दोन्ही प्रश्न पहिल्या-दुसऱ्या भेटीतच विचारून उत्तर फाइलवर लिहून घ्यावं.